मुंबई महापालिकेत नगरसेवकाची जागा मध्येच रिकामी झाली तर ती भरतात कशी?

शिवडीकर

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, १६ ला निकाल लागले, आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेला पुन्हा २२७ नगरसेवक मिळाले. पाच वर्षांत यातल्या काही जागा रिकाम्या होणार हे उघड आहे. कुणाचं निधन होईल, कुणी राजीनामा देईल, कुणाचा जातीचा दाखला पडताळणीत टिकणार नाही. २०१७ च्या सभागृहात हे तिन्ही प्रकार झाले. तरीही दर वेळी नाक्यावर तोच वाद रंगतो: पोटनिवडणूक लागणार, की दुसऱ्या नंबरचा उमेदवार बसणार?

ज्यांना कायदा आणि प्रत्यक्ष कामकाज दोन्ही ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. कोण जागा रिकामी ठरवतं, कोण भरतं, किती वेळात, आणि मतदाराने कुठे लक्ष ठेवायचं. पक्षांची उणीदुणी या धाग्यावर नकोत.

धोबीतलाव

जागा *कशामुळे* रिकामी झाली यावर पुढचं सगळं ठरतं. एवढं लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ संपतो.

निधन किंवा राजीनामा असेल तर पोटनिवडणूक. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे, आणि अशा 'नैमित्तिक' रिक्त जागा निवडणुकीनेच भरायच्या असं त्यात आहे. सभागृहाने कुणाला नेमायचं, पक्षाने वारस पाठवायचा, असली सोय निवडून आलेल्या जागेसाठी नाही. नवा माणूस पाच वर्षांसाठी येत नाही, आधीच्याची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच त्याची. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील तर पोटनिवडणूक घेत नाहीत, जागा तशीच राहते.

राजीनामा लेखी हवा आणि तो महापालिकेकडे जायला हवा. पक्षाच्या अध्यक्षांकडे दिलेला किंवा पत्रकार परिषदेत फडकवलेला राजीनामा म्हणजे जागा रिकामी होणं नव्हे. बातम्यांत 'नगरसेवकाचा राजीनामा' असा मथळा दिसला की तो पदाचा आहे की पक्षाचा, हे आधी पाहावं.

निवडणुकीलाच आव्हान असेल तर मात्र रस्ता वेगळा. अधिनियमाच्या कलम ३३ खाली याचिका लघुवाद न्यायालयाच्या (स्मॉल कॉजेस कोर्टाच्या) मुख्य न्यायाधीशांपुढे जाते. महापालिकेच्या मतदार यादीत नाव असलेला कुणीही ती करू शकतो, हरलेलाच उमेदवार पाहिजे असं नाही. निवडून आलेल्यांची यादी पाहणीसाठी उपलब्ध झाल्यापासून दहा दिवसांत ती दाखल व्हायला लागते. आणि याच कलमात ती तरतूद आहे जी लोकांना माहीत नसते: निवडून आलेला माणूस अपात्र ठरला किंवा निवडणूक अवैध ठरली, तर त्याच्या खालोखाल वैध मतं मिळवलेल्या आणि ज्याच्याविरुद्ध आक्षेप सापडत नाही अशा उमेदवाराला निवडून आलेला समजायचं, असा आदेश मुख्य न्यायाधीश देतात.

म्हणजे दुसऱ्या नंबरचा उमेदवार बसतो तो कलम ३३ च्या याचिकेतून. निधन-राजीनाम्यात त्याला काहीही मिळत नाही, मग तो पाच मतांनी हरलेला असो की पाच हजारांनी.

गोराईची_वेस

वरच्या शेवटच्या वाक्याला जोड. निवडणुकीच्या दिवशी पात्र असलेला नगरसेवक *नंतर* अपात्र झाला, तरीही दुसऱ्या नंबरला जागा मिळत नाही. उदाहरणार्थ सलग तीन महिने सभागृहाच्या बैठकांना विनापरवानगी गैरहजर राहिला, किंवा पदावर असताना महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध निर्माण केला. अशा वेळी आधी वाद सुटायला हवा. नगरसेवकाने आरोप मान्य केला नाही तर तो स्वतः किंवा दुसरा नगरसेवक लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज करू शकतो. सभागृहाने सांगितलं तर आयुक्तांना अर्ज करावाच लागतो. निकाल विरोधात गेला की जागा रिकामी, आणि मग पोटनिवडणूक.

सामान्य मतदाराला इथे थेट दार नाही, हे मला खटकतं. मतदाराकडे पुरावा असला तरी त्याला एखादा नगरसेवक गाठावा लागतो किंवा सभागृहात ठराव व्हावा लागतो. बहुमत ज्याच्या बाजूने आहे त्याच्याविरुद्ध असा ठराव होत नाही.

शिवडीकर

फार उपयुक्त. जातीच्या दाखल्याचं प्रकरण यातल्या कोणत्या खणात बसतं? तिथेच सगळ्यात जास्त जागा जातात ना?

धोबीतलाव

हो, आणि तिथे दोन वाटा एकमेकींत गुंततात, म्हणून सावकाश सांगतो.

राखीव प्रभागातून लढणाऱ्याला जातीचा दाखला आणि पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि 'निवडून आल्यावर मुदतीत देईन' असं हमीपत्र द्यायचं. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची अट बंधनकारक धरली, राज्यभरातली पदं धोक्यात आली, आणि सरकारने लगेच दुरुस्ती करून तेव्हा मुदत बारा महिने केली; २०२६ च्या निवडणुकीला मात्र ती सहा महिनेच होती. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झाली असं कायदाच मानतो. उशीर समितीमुळे झाला, ही सबब चालत नाही.

दुसरी वाट: प्रमाणपत्र येतं तेच 'अवैध' म्हणून. समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट करावी लागते. तिथे स्थगिती मिळाली तर जागा रिकामी धरली जात नाही आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं.

२०१७ च्या निवडणुकीनंतर मुंबईत हेच झालं. प्रभाग २८, ६२, ७६, ८१ अशा काही ठिकाणी विजयी उमेदवारांचे दाखले अवैध ठरले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते निर्णय कायम केले. मग पोटनिवडणूक का लागली नाही? कारण दुसऱ्या नंबरच्या उमेदवारांनी निकालानंतर दहा दिवसांतच कलम ३३ च्या याचिका टाकून ठेवल्या होत्या. याचिका उभी होती म्हणून न्यायालय त्यांना विजयी घोषित करू शकलं. ती नसती तर जागा रिकामी आणि पोटनिवडणूक.

दाखल्याबद्दल शंका असेल तर समितीच्या निकालाची वाट पाहत बसायचं नाही. समिती वर्षभर घेईल, याचिकेचे दहा दिवस तोवर कधीच उलटलेले असतील.

मुलुंडची_माई

धोबीतलाव, दुसऱ्या नंबरचाही दाखला अवैध निघाला तर?

धोबीतलाव

माई, 'ज्याच्याविरुद्ध आक्षेप सापडत नाही' हे शब्द त्यासाठीच आहेत. त्याचाही दाखला तपासला जातो. म्हणून याचिका करणाऱ्याने स्वतःचं वैधता प्रमाणपत्र, अपत्यांची माहिती, थकबाकी नसल्याची कागदपत्रं याचिकेसोबतच लावावीत. समोरच्याचा वकील पहिला वार तिथेच करतो.

अपात्रतेची कारणं पुष्कळ आहेत, पण मुंबईत वारंवार येतात ती तीन. जातीचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनपेक्षा जास्त अपत्यं होणं. आणि स्वतःचं, जोडीदाराचं किंवा अवलंबून असलेल्याचं अनधिकृत बांधकाम. तिसऱ्यात पुरावा गोळा करणं सगळ्यात किचकट असतं, कारण बांधकाम कुणाच्या नावावर आहे आणि कधी झालं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. नुसती नोटीस बजावली होती एवढ्याने भागत नाही.

भांडुप_पश्चिम

आमच्याकडे प्रभाग ११६ मध्ये २०१७ साली पोटनिवडणूक झाली होती. फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक, ११ ऑक्टोबरला पोटनिवडणूक, १२ ला मतमोजणी. काँग्रेसच्या नगरसेविकेच्या निधनाने जागा रिकामी झाली होती, ती भाजपकडे गेली. तेव्हा शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी स्थिती होती, म्हणून एका प्रभागाकडे सगळ्या शहराचं लक्ष लागलं. लगेच मनसेचे सात पैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले. त्या सहा जागांवर पोटनिवडणूक का लागली नाही?

गोराईची_वेस

सातातले सहा म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ मध्ये विलीनीकरणाला हे संरक्षण आहे. एकटा नगरसेवक गेला असता तर अपात्र झाला असता. प्रत्येक पक्षाच्या नगरसेवकांच्या गटाची नोंदणी कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरच्या कोकण भवनात होते. निकालानंतर प्रत्येक पक्ष नगरसेवकांना घेऊन तिकडे जातो ते यासाठी. एकदा गट नोंदला की त्याचा गटनेता आणि त्याचा पक्षादेश सगळ्यांना बांधतो.

ज्याच्यामागे दोन-तृतीयांश नाहीत त्याला राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जावं लागतं. प्रभाग १४१, मानखुर्दमध्ये तसंच झालं. काँग्रेसकडून निवडून आलेल्या नगरसेवकाने राजीनामा दिला, जानेवारी २०२० मध्ये पोटनिवडणूक झाली आणि तेच शिवसेनेकडून पुन्हा निवडून आले. माझ्या मते हा मार्ग जास्त सरळ आहे. मतदारांना पक्षांतरावर मत देता आलं.

यादीभाग

पोटनिवडणुकीचं काम कसं चालतं ते लिहितो, कारण मतदाराचं नुकसान इथेच होतं.

जागा रिकामी झाल्याचं महापालिका राज्य निवडणूक आयोगाला कळवते. भारत निवडणूक आयोगाचा याच्याशी संबंध नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३-झेडए प्रमाणे महापालिकांच्या निवडणुका राज्य आयोगाच्या अखत्यारीत येतात. आमदाराची जागा सहा महिन्यांत भरण्याची जी अट लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, ती महापालिकेला लागू नाही. त्यामुळे 'सहा महिने झाले, आता तारीख यायलाच हवी' असं म्हणून चालत नाही. आयोग बहुधा राज्यातल्या अनेक शहरांच्या रिकाम्या जागा एकत्र करून एकच कार्यक्रम लावतो.

पहिला टप्पा मतदार यादीचा. आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेची जी यादी असेल ती घेतात आणि प्रभागाच्या हद्दीप्रमाणे कापतात. नवं नाव घालण्याचा किंवा मेलेल्याचं नाव काढण्याचा अधिकार या टप्प्यावर कुणालाच नाही. ते काम फॉर्म ६, ७, ८ भरून विधानसभेच्या यादीतच, तेही ठरलेल्या तारखेच्या *आधी* व्हायला हवं. पोटनिवडणूक जाहीर झाल्यावर फॉर्म ६ घेऊन विभाग कार्यालयात गेलात तर त्या निवडणुकीसाठी उपयोग शून्य.

मग हरकती कशाला मागवतात? प्रभाग चुकला असेल तर. यादीचा एक भाग दोन प्रभागांच्या सीमेवर असतो, आणि तो कापताना अख्खी चाळ किंवा सोसायटीची एक विंग शेजारच्या प्रभागात जाते. सार्वत्रिक निवडणुकीत अशा माणसाला निदान शेजारच्या प्रभागात मत देता येतं. पोटनिवडणुकीत शेजारच्या प्रभागात निवडणूकच नसते, त्यामुळे त्याचं मत पूर्ण बुडतं. उलट बाजूने, शेजारच्या प्रभागातली शंभर-दोनशे नावं इकडे आली तर कमी मतदानाच्या पोटनिवडणुकीत तेवढ्यावर निकाल फिरतो.

प्रारूप यादी लागली की आपल्या इमारतीचं नाव शोधा, फक्त स्वतःचं नाही. हरकतीच्या अर्जावर विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तिन्ही लिहा. 'आमच्या बिल्डिंगची नावं चुकली' एवढंच लिहिलेला अर्ज तपासणाऱ्याला शोधताच येत नाही आणि तो तसाच निकाली निघतो. सोसायटीने पत्त्याच्या पुराव्यासह सगळ्या क्रमांकांची यादी जोडून एकत्र अर्ज दिला तर काम होतं. पोच घ्या.

आणखी एक: प्रभाग क्रमांक आणि प्रशासकीय विभाग वेगळे. ११६ हा प्रभाग, एस हा विभाग. अर्ज एस विभाग कार्यालयात, पण आत प्रभाग ११६ लिहायचं.

मुलुंडची_माई

उभं राहणाऱ्यांसाठीही लिहा ना कुणी. महिला राखीव प्रभाग पोटनिवडणुकीत खुला होतो, असं इकडे काही जण ठामपणे सांगतात.

यादीभाग

होत नाही, माई. सार्वत्रिक निवडणुकीत जे आरक्षण होतं तेच पोटनिवडणुकीला राहतं. नव्याने सोडत काढत नाहीत.

वय २१ पूर्ण, नाव मुंबईतल्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत चालतं, पण सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले हवेत. अर्ज बाद होण्याचं हे एक नेहमीचं कारण. उमेदवार मोठा, सूचक जवळचा कार्यकर्ता, आणि छाननीत कळतं की सूचकाचं नाव रस्त्यापलीकडच्या प्रभागात आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी ताज्या अंतिम यादीवरून क्रमांक जुळवा, जानेवारीच्या यादीवरून नको.

अनामत सर्वसाधारण उमेदवाराला ५,००० रुपये, महिला आणि राखीव प्रवर्गाला २,५००. मुंबईत खर्चाची मर्यादा १५ लाख. पक्षाचा उमेदवार असेल तर जोडपत्र अ आणि ब (एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याची पत्रं) अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचायला हवं. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेला एबी फॉर्म धरत नाहीत, उमेदवार अपक्ष होतो.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा. हरलेल्यांनीही. हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. जानेवारीत हरलेला आणि हिशेब न दिलेला उमेदवार वर्षभराने पोटनिवडणुकीला उभा राहायला येतो आणि तिथे अडकतो.

शिवडीकर

'नोटा'चं काय होतं? पोटनिवडणुकीत मतदान कमी, त्यात नोटा जास्त, असं झालं तर?

यादीभाग

आपल्या राज्य आयोगाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आदेश काढला. नोटाला काल्पनिक उमेदवार समजायचं. सगळ्यात जास्त मतं नोटाला पडली तर कुणालाच विजयी न करता फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर त्याच्याखालच्या उमेदवाराला विजयी करायचं.

सातासमुद्रापार

बाहेरच्या शहरांची तुलना करतो. शिकागोत वॉर्डाचा प्रतिनिधी गेला की महापौर ६० दिवसांत नेमणूक करतात आणि सभागृह मान्यता देतं. सिअ‍ॅटलमध्ये उरलेले सदस्यच २० दिवसांत कुणाला तरी नेमतात, आणि नेमलेल्याला पुढच्या निवडणुकीत लोकांपुढे जावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत नेमलेल्या सदस्य नोव्हेंबरमध्ये हरल्या. न्यूयॉर्क आपल्यासारखं, निवडणूकच घेतं, पण महापौरांनी तीन दिवसांत घोषणा करायची असं घड्याळ लावून ठेवलंय. इंग्लंडात तर दोन मतदारांनी लेखी मागणी केली की ३५ कामकाजी दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते.

मुंबईत नेमणूक असती तर प्रभाग इतके महिने वाऱ्यावर राहिला नसता, असं वाटत नाही का?

गोराईची_वेस

मला नेमणूक नको वाटते. ८४ विरुद्ध ८२ च्या सभागृहात नेमणुकीचा अधिकार बहुमताकडे दिला तर विरोधी पक्षाची प्रत्येक रिकामी जागा सत्ताधाऱ्यांकडे जाईल. इंग्लंडची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. आपल्या कायद्यात निवडणुकीचं तत्त्व बरोबर आहे, मुदतीचं बंधन नाही, हा खरा दोष. दोन मतदारांच्या अर्जाने घड्याळ सुरू होण्याची तरतूद १८८८ च्या अधिनियमात घालायला हवी, आणि ती घालणं विधिमंडळाच्या हातात आहे.

नेमणूक आपल्याकडे फक्त नामनिर्देशित, म्हणजे स्वीकृत नगरसेवकांची. मुंबईत ते पूर्वी पाच होते, २०२३ च्या दुरुस्तीने दहा झाले. त्यांना मतदानाचा हक्क नाही. त्यांच्यातली जागा रिकामी झाली तर सभागृह नवी व्यक्ती नामनिर्देशित करतं, पोटनिवडणूक नाही.

भांडुप_पश्चिम

जागा रिकामी असताना प्रभागाचं काम कुणाकडे?

धोबीतलाव

कायद्याने कुणाकडेच नाही. शेजारचा नगरसेवक मदत करू शकतो, पण सही-शिफारशीचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. तक्रारी थेट विभागाच्या सहायक आयुक्तांकडे लेखी द्या. जागा रिकामी असली म्हणून सभागृहाचे ठराव बेकायदा होत नाहीत. नगरसेवक स्थायी समितीत असेल तर ती जागाही रिकामी होते आणि गटाच्या संख्याबळाप्रमाणे सभागृह दुसरा सदस्य नेमतं. पोटनिवडणुकीने आलेला माणूस आधीच्याच्या समितीत आपोआप जात नाही.

पुणे-ठाण्याकडच्या वाचकांसाठी: तिकडे बहुसदस्यीय प्रभाग आहेत. तिथे अ, ब, क, ड यांपैकी जी जागा रिकामी, तेवढ्याचीच पोटनिवडणूक होते, पण मतदान अख्ख्या प्रभागाचं. म्हणजे एका जागेसाठी मुंबईच्या प्रभागापेक्षा कितीतरी मोठ्या क्षेत्रात प्रचार. छोट्या पक्षाला आणि अपक्षाला ते झेपत नाही.

मुलुंडची_माई

आणि पोटनिवडणूक रखडली तर मतदाराने नेमकं काय करायचं?

यादीभाग

माहिती अधिकारात दोन अर्ज करा, प्रत्येकी दहा रुपये शुल्क. पहिला महापालिकेकडे: प्रभाग क्रमांक अमुकची जागा कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने रिक्त आहे, राज्य निवडणूक आयोगाला कोणत्या क्रमांकाच्या आणि तारखेच्या पत्राने कळवलं, त्या पत्राची प्रत द्यावी. दुसरा आयोगाकडे: ते पत्र कधी मिळालं, त्यावर काय कार्यवाही झाली, यादी कार्यक्रमाचा आदेश निघाला असल्यास त्याची प्रत. 'पोटनिवडणूक का घेत नाही' असं विचारू नका, 'का'ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. तीस दिवसांत दोन्ही उत्तरं हातात आली की फाईल कुठल्या टेबलावर थांबली आहे ते तारखांवरून दिसतं, आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर याच दोन कागदांवर रिट उभी राहते.